घरी बसलेल्याचा पगार कोणत्या खात्यावर?



जतच्या पेठेत गेली तीस वर्षे मी लोकांच्या वह्या लिहितो. किराणा, कापड, खते-औषधे, पिठाची गिरणी, एक-दोन खानावळी. मालक सोडून दोन माणसे, चार माणसे, फार तर सहा. वही लिहिणाऱ्याला माणसाच्या मनातले कळत नाही. पण पैसा कुठे लिहायला सांगितला ते कळते, आणि पुष्कळदा तेवढे पुरते.

२०२० आणि २०२१ या दोन सालांच्या रोजमेळांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. कामावरचा माणूस पॉझिटिव्ह आला, किंवा त्याच्या घरातले कोणी आले, आणि त्याला चौदा दिवस घरी बसावे लागले. दुकान मात्र चालू होते. या चौदा दिवसांचे काय करायचे, असे मालक वही माझ्याकडे सरकवून विचारत. काहींनी काहीच दिले नाही. काम नाही तर पगार नाही, विषय संपला. त्यांच्या वहीत नोंदच नाही. ज्यांनी दिले त्यांच्या नोंदी मात्र एकसारख्या नाहीत. एकाने सांगितले, "उचल म्हणून त्याच्या नावे टाका." दुसऱ्याने सांगितले, "धर्मादायात लिहा, गरिबाला दिले." तिसऱ्याला माझा प्रश्नच कळेना. तो म्हणाला, "त्यात लिहायचं काय वेगळं? दर महिन्याला जिथं लिहिता तिथंच लिहा."

रक्कम तिन्हीकडे जवळजवळ सारखी. घरी बसलेल्या माणसाच्या चुलीवर तिन्ही ठिकाणी भाकरी सारखीच भाजली असेल. मग खात्याने काय फरक पडतो, असे कोणीही विचारील. माझ्या मते फरक तिथेच आहे, आणि आपण माळकरी म्हणवणाऱ्यांनी त्याकडे नीट पाहायला हवे.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. आजारी माणसाची रजा आणि विलगीकरण यांची आपण सरमिसळ करतो. आजारी माणूस अंथरुणातून उठू शकत नाही, म्हणून तो येत नाही. विलगीकरणात बसलेला माणूस पुष्कळदा धडधाकट असतो. त्याच्या भावाला ताप आहे, त्याला स्वतःला काहीच नाही. पन्नास किलोचे पोते तो आजही उचलील. तो येत नाही, कारण त्याच्यापासून आपल्याला, आपल्या गिऱ्हाइकाला, गिऱ्हाइकाच्या घरातल्या म्हाताऱ्याला बाधा होऊ नये. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात अशा माणसांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्का मारू लागले होते. लोकांना त्या शिक्क्याची लाज वाटे, ते हात पदराखाली घेत, सदऱ्याच्या बाहीत लपवत. वास्तविक तो शिक्का सांगत होता की हा माणूस सध्या दुसऱ्यांसाठी घरात कोंडून घेऊन बसला आहे.

हे कोंडून घेणे कामाचे असते का? आपल्याच जिल्ह्यातले इस्लामपूर आठवा. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात परदेशातून आलेल्या एका कुटुंबापासून सुमारे पंचवीस जणांपर्यंत आजार गेला, आणि सगळ्या राज्याचे डोळे तिकडे लागले. पुढे ती साखळी तुटली. संपर्कातली माणसे शोधून काढली गेली आणि ती घरात किंवा दवाखान्यात वेगळी राहिली, म्हणून तुटली. तेव्हा आपल्याकडे ना लस होती ना खात्रीचे औषध. एवढेच काम हाताशी होते, आणि ते घरी बसलेल्यांनी केले.

त्या वर्षी आपणही घरीच बसलो होतो, माउली. आषाढी एकादशी १ जुलैला होती. आदल्या दिवशी, ३० जूनला, संतांच्या पादुका मोजक्या लोकांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. रस्ते ओस होते. ज्यांची चाळीस-पन्नास वर्षांत वारी चुकली नव्हती त्यांनी अंगणात तुळशीला प्रदक्षिणा घातल्या, घरातल्या विठोबाच्या तसबिरीपुढे वीणा धरली. २०२१ मध्येही तेच. पायी वारी पुन्हा सुरू झाली ती २०२२ मध्ये. त्या दोन वर्षांत कीर्तनकारांनी आणि फडप्रमुखांनी एकमुखाने सांगितले की यंदा घरी राहणे हीच वारी. आपण ते मानले, आणि घरी राहिलो म्हणून आपली वारी चुकली असे कोणी मोजले नाही. आपल्याला जी सवलत देवाच्या दारात मिळाली ती आपल्या दुकानातल्या पोराला आपल्या दारात मिळाली का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणखी एक बाब, जरा बोचणारी आहे पण लिहितो. मालक वारीला जातो. आळंदीपासून माउलींबरोबर चालायचे तर अठरा-वीस दिवस जातात. जतहून थेट निघालो तरी जाणे, मुक्काम आणि परतणे यात आठवडा सरतो. त्या दिवसांत दुकान कोण चालवते? हीच पोरे. मालक परत येतो तेव्हा गल्ल्यात त्या दिवसांची विक्री जमा असते, आणि ती त्याचीच असते. कामावर नसलेल्या माणसालाही मिळकत होऊ शकते, हे मालकाला दरवर्षी अनुभवाने कळते. नोकराच्या बाबतीत मात्र तेच त्याला अजब वाटते.

सेना महाराजांची कथा आपण श्रावण वद्य द्वादशीला ऐकतो. महिपतीबुवांनी भक्तविजयात ती सांगितली आहे, कीर्तनात तर ती घराघरांत पोहोचली आहे. राजाचे बोलावणे आले, सेनाजी पूजेला बसले होते, गेले नाहीत. राजा संतापणार, तेवढ्यात धोकटी काखेत मारून विठ्ठलच सेना होऊन राजवाड्यात गेला आणि त्याने हजामत केली. राजा प्रसन्न झाला, धोकटीत मोहरा पडल्या. आपण या कथेत देवाच्या धावून येण्याला डोळे पुसतो, आणि ते बरोबरच आहे. माझे लक्ष वही लिहिणाऱ्याचे असल्यामुळे मोहरांकडे जाते. काम केले विठ्ठलाने. मोहरा कोणाच्या धोकटीत? सेनाजींच्या. देवाने बदली काम केले आणि मजुरी स्वतःच्या खात्यावर घेतली नाही. ज्या दिवशी सेनाजी कामावर नव्हते त्या दिवसाची कमाई त्यांच्याच घरी गेली.

आपल्या दुकानात विठ्ठल कोणत्या रूपाने येतो ते मला ठाऊक नाही. पण एक पोरगा घरी बसला की दुसरा दोन माणसांचे काम ओढतो, मालकीणबाई स्वतः काउंटरवर येऊन बसते, मालकाचा मुलगा कॉलेज सोडून पोती मोजतो. दुकान चालते. पंधरा दिवसांच्या विक्रीत फारसा खड्डा पडत नाही, वह्या माझ्यासमोर आहेत. तेव्हा जे वाचले ते पैसे मालकाचे, असे म्हणणे म्हणजे देवाने धोकटी रिकामी करून मोहरा पंढरपूरला नेण्यासारखे झाले. (दुसऱ्या पोराने दुप्पट ओढले त्याला काही द्यायचे की नाही, हा आणखी एक प्रश्न. द्यायला हवे, असे मला वाटते.)

आता उचलीकडे येऊ, कारण आपल्या भागात हाच प्रकार जास्त आहे आणि तो दिसायला सर्वांत भला दिसतो. जत तालुका दुष्काळाचा. इथली माणसे ऊसतोडीला जातात ती मुकादमाची उचल घेऊन. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, मग पुढचा हंगामही त्याच टोळीत. उचल म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरीही पेठेतला मालक घरी बसलेल्या पोराला चार हजार देतो आणि ते नावे टाकायला सांगतो. पोराला त्या दिवशी आधार वाटतो. पण पुढच्या आठ महिन्यांत दर महिन्याला पाचशे कापले जातात. म्हणजे त्या चौदा दिवसांचा सगळा भार शेवटी त्याच्याच अंगावर आला, फक्त हप्त्याने आला. शिवाय तोवर तो दुसरीकडे जाऊ शकत नाही, पगारवाढ मागू शकत नाही. दुसऱ्यांसाठी घरी बसला आणि त्याबद्दल बांधला गेला.

इथे मला तुकोबांची आठवण होते. ते वाणी होते, सावकारी घरात होती. दुष्काळाने घर धुऊन नेले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी लोकांकडच्या येण्याचे कागद इंद्रायणीत बुडवायचे ठरवले तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा संसारी होता. परंपरा सांगते की तुकोबांनी कागदांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धे कान्होबाच्या हवाली केले, अर्धे स्वतःचे म्हणून नदीत सोडले. कीर्तनात आपण बुडवण्यावर भर देतो. मला वाटणीही तितकीच मोलाची वाटते. दुसऱ्याचा वाटा बुडवून त्यांनी उदारपणा मिरवला नाही. आणि स्वतःच्या वाट्याचे सोडले तेव्हा 'जमेल तसे द्या' असेही म्हटले नाही. कागदच राहिला नाही. संकटात दिलेल्या पैशाचा कागद मागे ठेवायचा की नाही, याचा निवाडा आमच्या पेठेसाठी त्या वाण्याने पावणेचारशे वर्षांपूर्वी करून ठेवला आहे.

धर्मादायाचे तसे नाही, तिथे कापून घेणे नसते. मग त्यात खोट काय? खोट अशी की धर्मादाय देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. यंदा दिले, पुढच्या वेळी मन झाले नाही तर नाही. घेणाऱ्याने हात जोडायचे, चार लोकांत मालकाचे नाव घ्यायचे. मालकाच्या खात्यावर पुण्य जमा आणि पोराच्या खात्यावर उपकार नावे. मी म्हणतो त्याप्रमाणे घरी बसणे हे काम असेल, तर त्याचे दान कसे होईल? स्वतःच्या गड्याला त्याची मजुरी देऊन कोणी अन्नदानाची पावती फाडत नाही. वारकऱ्याने दान जरूर करावे, पण देणे लागतो ते दानात मोजू नये.

यावर कोणी म्हणेल, एवढा कीस कशाला काढता, पैसे पोहोचले ना? तर त्याचे उत्तर तापात आहे. सकाळी उठल्यावर अंग कणकणते आहे. पोराच्या मनात पहिला विचार काय येतो, ते आपल्या वहीवरून ठरते. पगार कापला जाणार असेल तर तो गोळी घेतो, तोंड धुतो आणि काउंटरवर येऊन उभा राहतो. विचारले तर म्हणतो, "काही नाही, रात्री झोप झाली नाही." तो खोटे बोलतो, पण ते खोटे बोलायला त्याला पैसे कोण देते? चौदा दिवसांचे चार हजार दोनशे रुपये आपणच त्या खोट्याच्या पारड्यात टाकलेले असतात. आणि उचल होणार असेल, किंवा मालकापुढे जाऊन तोंड वेंगाडावे लागणार असेल, तरीही तो पुष्कळदा येणेच पसंत करील. पगार नेहमीच्या ठिकाणी, नेहमीच्या तारखेला, न मागता पडणार आहे एवढे माहीत असेल तरच तो फोन करून खरे सांगतो. खरे बोलावे असे आपण सगळ्यांना सांगतो. खरे बोलणे परवडेल अशी सोय करणे हे मात्र ज्याच्या हातात गल्ला आहे त्याचे काम.

जतहून मंगळवेढ्यावरून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांना चोखोबांची आठवण वाटेतच होते. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. शके १२६० ची ही गोष्ट. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी दिली. भिंत धोक्याची आहे हे त्या मजुरांपैकी कोणाला दिसले नसेल का? पण दिसले तरी 'आज मी येत नाही' असे म्हणायची त्यांना सोय नव्हती. ती वेठ होती, आज वेठ नाही. पण घरात दोन दिवसांचेच पीठ असेल तर 'येत नाही' म्हणायची सोय आजही नसते.

सरकारचे काय, असे वाचक विचारतील. २९ मार्च २०२० ला केंद्राच्या गृहखात्याने हुकूम काढला की टाळेबंदीत बंद असलेल्या उद्योगांनी, दुकानांनी कामगारांचा पगार कपात न करता द्यावा. १८ मेपासून तो मागे घेतला गेला. काही कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १२ जूनला न्यायालयाने सांगितले की पगार न देणाऱ्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये आणि मालक-कामगारांनी आपसांत बोलून मिटवावे. योगायोग असा की त्याच दिवशी देहूत तुकोबांच्या पालखीचे प्रस्थान झाले, मोजक्या लोकांत. तो हुकूमसुद्धा बंद दुकानांपुरता होता. दुकान चालू आणि एकच माणूस घरी, याबद्दल त्यात काही नव्हते. राज्याचा दुकाने व आस्थापना यांचा २०१७ चा कायदा वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा देतो, पण रजांचे ते नियम २०२० मध्ये दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे होते. कामगार विमा योजना आजारपणात पगाराच्या सत्तर टक्के देते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पण तीही जिथे लागू आहे तिथे, आणि पुन्हा दहा माणसांपासून पुढे. पेठेतली बहुतेक दुकाने दहाच्या आतली. म्हणजे आमच्या पोराच्या बाबतीत कायदा हात वर करतो आणि सगळे मालकाच्या विवेकावर येऊन पडते.

मंगळवेढ्याचेच दामाजीपंत. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे लोकांसाठी खुली केली आणि देवाने विठू महार होऊन ती रक्कम भरली. त्या कथेत कोठार राज्याचे होते, हे ध्यानात घ्या. २०२० मध्ये सरकारने रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट दिले, ते नाकारत नाही. पण पगारापुरते म्हणाल तर राज्याने आपले कोठार न उघडता किराणा दुकानदाराला त्याचे कोठार उघडायला सांगितले. बाहेर काही देशांनी निराळे केले. विलायतेत अडीचशेपेक्षा कमी नोकर असलेल्या मालकांनी कोरोनामुळे घरी बसलेल्या नोकराला आजारपणाचा जो कायदेशीर भत्ता दिला, त्यातले दोन आठवड्यांपर्यंतचे पैसे सरकारने त्यांना परत केले. जर्मनीत साथीच्या कायद्याने विलगीकरणातल्या माणसाला मालक पगार देतो आणि सहा आठवड्यांपर्यंतचे पैसे सरकारकडून भरून घेतो. लहान मालकाला एकट्याला हे झेपणार नाही, हे तिथे मान्य केलेले आहे. आपल्याकडे कोणी आमदार, खासदार वारीत हात जोडून भेटतात तेव्हा त्यांच्या कानावर हेही घालायला हरकत नाही.

झेपत नाही, ही मालकाची तक्रार खोटी नाही. त्या दोन वर्षांत मी अशाही वह्या लिहिल्या ज्यांत महिनाअखेर शिल्लक म्हणून काही उरतच नव्हते. खानावळवाल्याची तर चूलच बंद. अशा मालकाला पूर्ण पगार दे म्हणणे म्हणजे दोघांनाही बुडवणे. पण झेपत नाही असे म्हणणाऱ्यांच्या वहीत मी आणखी एक खाते पाहतो. ते म्हणजे मालकाचे घरखर्च खाते, गल्ल्यातून घरी गेलेला पैसा. त्या महिन्यात ते खाते आटले असेल तर त्याचे म्हणणे खरे. ते होते तसेच असेल, वर मोबाइलचा नवा हप्ता त्यात दिसत असेल, तर झेपत नाही हे कोणाच्या वाट्याचे झेपत नाही, ते समजते. तुकोबांनी आधी स्वतःचा वाटा पुढे केला होता.

खरोखर नसेल तर काय करावे? माझा अनुभव असा की वही उघडून दाखवावी. "या महिन्यात एवढी विक्री, एवढे देणे, हा माझा घरखर्च कमी केला. तुला पूर्ण देता येत नाही, अर्धे देतो, आणि हे अर्धे पगारच आहे, उचल नाही." हे ऐकून कुरकुर करणारा पोरगा मी अजून पाहिला नाही. नाराजी असते ती वही मिटून "धंदा नाही रे" म्हणणाऱ्यावर, कारण काउंटरवर उभ्या असलेल्या पोराला धंदा किती आहे ते मालकाइतकेच माहीत असते.

पुढची सोयही करता येते. महिना नऊ हजारांचा पगार धरा. रोज तीनशे, चौदा दिवसांचे चार हजार दोनशे. तीन माणसे आहेत आणि तिघांवरही वर्षात एकदा अशी वेळ आली, तरी बारा हजार सहाशे. वर्षभर रोज पस्तीस रुपये बाजूला टाकले की भागते. पेठेत तीन-चार चहांचे पैसे. दिंडीत आपण भिशी भरतो. वाटेत एखाद्याला ताप आला, त्याला गाडीत झोपवून नेले, चार दिवस तो चालला नाही, स्वयंपाकाला हात लावला नाही, म्हणून त्याच्या ताटातली भाकरी कमी करत नाही. भिशी त्यासाठीच असते. दुकानाची दिंडी वर्षभर चालते, एवढाच फरक.

फसवणुकीचे काय, हा प्रश्न राहतोच. ताप आहे सांगून मामाच्या रानात छाटणीला गेलेला पोरगा मलाही माहीत आहे. असे होणार. पण एकाने फसवले म्हणून चौघांना तापात उभे करायचे, हा व्यवहार मला तोट्याचा दिसतो. आणि मालक किती जणांकडून, किती रकमेला फसतो, ते मी रोज लिहितो. उधारीच्या खात्यात बुडालेले पैसे या पोरांनी नाही बुडवले. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा गिरणीमालक कामगारांचा पगार महिना-महिना मागे ठेवत, माणूस पळून जाऊ नये म्हणून. माणसे जीव घेऊन गावाकडे निघाली. यंत्रे थांबायची वेळ आली तेव्हा त्याच मालकांनी रोजचा पगार रोज, हातावर मोजून दिला. अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट गरज लागताच चार दिवसांत शक्य झाली.

कोरोना मागे पडला म्हणून हा विषय मागे पडला असे समजू नका. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ होती. लाल डोळ्यांनी नोटा मोजणारी पोरे मी पाहिली. कांजिण्या आहेत, दरवर्षीचा फ्लू आहे. क्षयरोग तर आपल्यातून गेलेलाच नाही. सरकार क्षयरोग्याला पोषणासाठी महिन्याला पाचशे देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार देते. औषध नियमित सुरू झाल्यावर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस घरी राहिले तर इतरांचा धोका पुष्कळ कमी होतो. पण हे सांगायलाच माणसे घाबरतात, खोकला दाबून कामावर येतात. आणि कोणाच्या घरात आई आजारी असते, तिच्याजवळ दुसरे कोणी नसते. पुंडलिकाने दारात आलेल्या देवाला वीट देऊन उभे केले ते आईबापांच्या सेवेसाठीच. देव अजून उभा आहे. त्याने उशिराबद्दल काही कापून घेतल्याचे कोणत्या पोथीत नाही.

हे सगळे झाले कायम कामावर असलेल्या माणसांचे. माझ्यापुढे खरे कोडे आहे ते द्राक्षबागांतल्या बायकांच्या टोळ्यांचे. दहा-पंधराजणी, एकाच टेम्पोतून येणाऱ्या. सोमवारी एका बागेत, गुरुवारी दुसऱ्या, पुढच्या आठवड्यात बेदाण्याच्या शेडवर. त्यातल्या एकीला ताप आला आणि सगळ्यांनी आठवडाभर थांबायचे ठरवले, तर त्यांचा मालक कोण? जिथे काल काम केले तो, की जिथे उद्या जायचे होते तो? बागाईतदाराचे म्हणणे की मी रोजंदारीवर बोलावतो, माझा पगाराशी काय संबंध? तेही कागदावर खरे आहे. पण त्या आल्या तर आजार सगळ्या बागांत जातो आणि नाही आल्या तर त्याचा भार फक्त त्यांच्याच घरांवर पडतो. मला सुचते ते एवढेच की त्या आठवड्यात ज्यांनी टोळी सांगून ठेवली होती त्या सगळ्यांनी मिळून तो भार वाटून घ्यावा. छाटणीच्या आधी मुकादमाशी बोलणी होतातच. दर ठरतो, गाडीभाडे कोणी द्यायचे ते ठरते, चहा कोणाचा तेही ठरते. त्याच बैठकीत तापाच्या दिवसांचेही ठरवता येईल. आमच्या दिंडीतल्या दोघा बागाईतदारांनी यंदाच्या ऑक्टोबर छाटणीला तसे करून पाहायचे म्हटले आहे. त्यांनी विचारले, वहीत याला नाव काय द्यायचे? मी नव्या पानावर 'मजुरी' लिहून ठेवले आहे. रकमेचा रकाना अजून कोरा आहे.